ड्रम बाजूला ठेवा, ताणकाटा मुलांच्या हाती द्या

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी नेरूळमधल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. शाळा पहिली ते पाचवी, पट १६८. जूनमध्ये शाळा उघडल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांनीच ठरवलं की पोषण आहारातली उरलेली खिचडी कचऱ्यात जाऊ द्यायची नाही, तिचं खत करायचं. एका पालकांनी २०० लिटरचा निळा ड्रम दिला. त्याला भोकं पाडून जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. पंधरा दिवसांत इतका वास सुटला की भिंतीपलीकडच्या सोसायटीतून तक्रार आली, अळ्या बाहेर यायला लागल्या आणि मुख्याध्यापकांनी ड्रम बंद करायला सांगितलं. एका आईने येऊन ‘आमची पोरं शाळेत कचरा उचलायला येत नाहीत’ असं सुनावलं. मुलं हिरमुसली आहेत. त्यातच जवळच्या एका मंडळाने १५ ऑगस्टला मुलांच्या हस्ते लावायला शंभर रोपं देऊ केली आहेत. हे सगळं मुलांनी चालवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण शेवटी सगळं माझ्याच गळ्यात पडतं. नऊ वर्षांच्या मुलांकडून किती अपेक्षा ठेवायची? ड्रम पुन्हा सुरू करू का?

– एक शिक्षिका, नेरूळ

उत्तर

ताई, नमस्कार.

ड्रम पुन्हा सुरू करू नका. निदान यंदाच्या पावसाळ्यात तरी नाही. मुलांचं काम मात्र थांबवू नका. अन्न वाया जाऊ नये हा त्यांचा विचार अगदी बरोबर होता. चुकलं ते साधन, ऋतू आणि साहित्य. या तिन्हींची कारणं चौथीतल्या मुलाला नीट समजतील अशी आहेत. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत तर ‘आपल्याला जमलं नाही’ एवढंच त्यांच्या मनात राहील. म्हणून आधी ड्रममध्ये काय झालं ते पाहू.

वास न येता खत करणारे जिवाणू हवेवर जगतात. शिजलेल्या खिचडीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, वर भाताचा चिकटपणा आणि फोडणीचं तेल. ड्रममध्ये टाकली की ती स्वतःच्याच वजनाने दबते आणि तिचा घट्ट थर बसतो. त्यात हवा शिरत नाही. मग हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि आधी आंबूस, नंतर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. ड्रमला पाडलेली भोकं कडेच्या दोन-चार इंचांपुरती उपयोगी पडतात, मधल्या गाभ्यापर्यंत हवा पोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे सुका, भुसभुशीत माल: एक डबा ओल्यामागे दोन डबे सुकी पानं. पण जुलैत नवी मुंबईत सुकी पानं आणायची कुठून? देशी बदामाची, पर्जन्यवृक्षाची पानं गळतात ती हिवाळा-उन्हाळ्यात. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, उत्साह असतो तेव्हा, आणि नेमका तेव्हाच सुका माल जवळ नसतो आणि हवा दमट असते. तुमच्या ड्रमचं बरंचसं भवितव्य या वेळापत्रकानेच ठरवलं होतं.

प्रमाणही पाहा. रोज सहा किलो खिचडी उरते असं धरलं, तर ती साधारण सहा लिटर भरते. तिला बारा लिटर सुकी पानं लागतात, म्हणजे दिवसाला अठरा लिटर. पानं दबून थोडी जागा होते खरी, तरी २०० लिटरचा ड्रम दोन-अडीच आठवड्यांत काठाला येतो. आत गेलेल्या मालाचं खत व्हायला मात्र दीड ते दोन महिने लागतात. हा हिशोब मुलांना फळ्यावर करू द्या. तिसऱ्या ओळीलाच कुणीतरी म्हणेल, ‘बाई, मग आपल्याला तीन-चार ड्रम लागले असते!’

आता उंची. असा ड्रम जवळपास ९० सेंटिमीटर उंच असतो आणि नऊ वर्षांचं मूल सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटर. त्याचा हात तळापर्यंत पोचत नाही, आतला माल त्याला खालीवर करता येत नाही. ते काम आपोआप तुमच्याकडे किंवा शिपाईदादांकडे येतं. सगळं तुमच्याच गळ्यात पडतं, त्याचं एक कारण या उंचीत आहे. मुलांनी चालवायचं असेल तर भांडं, अवजार आणि कामाचा आवाका त्यांच्या मापाचा हवा.

अळ्यांबद्दल मुलांची भीती घालवा. कुजणाऱ्या अन्नात दीड-दोन सेंटिमीटरच्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या दिसल्या असतील तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या. त्या चावत नाहीत, उलट अन्न झपाट्याने संपवतात. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या घरमाशीच्या असतात आणि त्या दिसल्या तर ओलं उघडं राहिलं असा अर्थ.

ड्रम रिकामा करण्याचं काम मोठ्यांचं. हातमोजे आणि मास्क घालून, आतल्या मालात कोकोपीट (नारळाच्या शेंड्यांचा भुसा) किंवा लाकडाचा भुसा मिसळून पाणी शोषून घ्या, मग तो ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. तो नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका; सडका, खारट माल मुळांना बाधतो आणि उंदीर येतात.

सुरुवात मोजण्यापासून

खिचडीचं खत कसं करायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न: खिचडी मुळात उरते कशामुळे? हा मुलांचाच विषय आहे, कारण ताट त्यांचं, भूक त्यांची आणि कारणंही त्यांनाच ठाऊक. मोठ्यांपेक्षा मुलं इथे जास्त जाणकार आहेत आणि नेतृत्व तिथूनच सुरू होतं.

साहित्य थोडं लागतं: दहा किलोपर्यंतचा ताणकाटा (हुकाला लटकवायचा डिजिटल काटाही चालेल), झाकणाच्या दोन सारख्या बादल्या, एक वही. एका बादलीवर ‘ताटातलं’ आणि दुसरीवर ‘भांड्यातलं’ असं लिहा. हा फरक फार महत्त्वाचा. मोठ्या भांड्यात न वाढता राहिलेलं अन्न म्हणजे अंदाज चुकला. ताटात उरलेलं म्हणजे वाढण्यात, चवीत किंवा वेळेत काहीतरी गडबड. दोन्हींचे उपाय वेगळे. काटा आधी शून्यावर आणायचा, रिकाम्या बादलीचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं आणि रोज ते वजा करायचं. मुलं हे वजा करायला विसरतात, आणि मग आकडे दररोज किलोभराने फुगलेले दिसतात.

शाळेचे सलग दहा दिवस मोजा. रोज पाच गोष्टी: वार, पदार्थ, जेवलेली मुलं, ताटातलं किलो, भांड्यातलं किलो. नंतर भागाकार. समजा एके दिवशी १५० मुलं जेवली आणि ताटांत सहा किलो उरलं, तर ६००० भागिले १५०, दर ताटामागे ४० ग्रॅम. पाचवीचं मूल हे सहज करतं आणि चौथीचं थोड्या मदतीने. दहा दिवसांनी पदार्थांनुसार आकडे मांडले की चित्र दिसतं: मसालेभाताला कमी, अमुक उसळीला जास्त.

एक नियम कडक ठेवा. कोणत्या मुलाने टाकलं ते लिहायचं नाही. वर्गवार तक्तासुद्धा सुरुवातीला नको. ‘पर्यावरण मंत्री’ असा बिल्ला लावून ताटांवर पहारा देणारी मुलं तयार झाली की लहानगी घाबरून गिळतात, अन्न लपवतात आणि प्रकल्पाचा तिरस्कार करतात. पहिलीतलं मूल न संपवता उठलं तर त्याला बोलायचं नाही, विचारायचं: ‘जास्त झालं का? तिखट होतं का? घंटा लवकर झाली का?’ तिसरी-चौथीच्या मुलांनी पहिली-दुसरीच्या वीस-पंचवीस मुलांना हे तीन प्रश्न विचारून उत्तरांपुढे काड्या मारल्या, तरी भरपूर हाती लागतं.

बऱ्याचदा कारण वाढण्यातच सापडतं. पोषण आहार योजनेत प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. तो शिजून अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो, वर डाळ आणि भाजी. पाचवीतल्या मुलाला तो पुरेल, कदाचित कमीही पडेल. सहा वर्षांच्या मुलाला एकदम तेवढा जाणार नाही. म्हणून ‘आधी अर्धा डाव, मग मागेल तितकं’ ही पद्धत. पूर्ण वाटा हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, त्यामुळे ‘कमी वाढा’ असं कुणालाही सांगायचं नाही. वाढणाऱ्या मावशींना या चर्चेत पहिल्या दिवसापासून बसवा. दोनदा वाढायचं म्हणजे त्यांचे श्रम वाढणार, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय ठरवलेला बदल आठवडाभरही टिकत नाही. बदल केल्यावर पुन्हा दहा दिवस मोजा. आकडा ४० वरून २५ वर आला तर ते मुलांनी केलेलं आहे, आणि ते त्यांना स्वतःला दाखवता येतं. आला नाही तर दुसरं कारण शोधायचं; तेही कामच.

हे चालू असताना उरलेलं अन्न झाकलेल्या बादलीतून ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. त्यात कमीपणा नाही.

समिती, आणि बाईंनी गप्प बसण्याची जागा

‘इको-स्कूल्स’ नावाचा उपक्रम १९९४ पासून अनेक देशांतल्या शाळांत चालतो. त्याच्या सात पायऱ्यांपैकी पहिली मुलांची समिती, दुसरी शाळेची पाहणी, तिसरी कृती आराखडा. आपल्याकडे बहुधा थेट कृतीपासून सुरुवात होते, मुलांना कुंडी हातात धरून उभं केलं जातं आणि पाहणी राहूनच जाते.

तुमच्या शाळेला बारा मुलांची समिती पुरेल: तिसरी, चौथी, पाचवीतून प्रत्येकी चार, निम्म्या मुली. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं द्यावीत आणि त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात. हुशार, बोलक्या मुलांची शिक्षकांनी केलेली निवड टाळा. मागच्या बाकावरची मुलं अशा कामात फार पक्की निघतात आणि त्यांना अशी संधी एरवी मिळत नाही. दिवाळीनंतर निम्मी मुलं बदला, निम्मी राहू द्या, म्हणजे माहिती पुढे जाते. पहिली-दुसरीची मुलं निरोप्या.

बैठक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, वीस मिनिटं. त्याहून लांबली की लक्ष उडतं. अध्यक्ष दर वेळी वेगळा. इतिवृत्त म्हणजे वहीत तीन रकाने: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या वारापर्यंत. पुढची बैठक याच तीन रकान्यांच्या वाचनाने सुरू होते. तुम्ही बोलायचं ते सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो प्रश्नाच्या रूपात: ‘सुट्टीच्या दिवशी कोण करेल?’, ‘पाऊस आला तर?’ शांतता पसरली की आपल्याला लगेच उत्तर द्यावंसं वाटतं. थोडं थांबा, कुणीतरी बोलतं.

मोठ्यांच्या हाती काय राहील ते आधीच सांगून टाका: वीज, उंचीवर चढणं, मिसळलेला कचरा, काच, औषधं आणि सॅनिटरी कचरा, पैशांचा व्यवहार, शाळेबाहेरच्यांशी बोलणं. बाकी निर्णय मुलांचे. तुम्हाला नकार द्यावा लागला तर कारण वहीत लिहा. कारणासकट आलेला ‘नाही’ मुलं मान्य करतात. कारण न देता फिरवलेला निर्णय पाहिला की पुढच्या बैठकीला ती फक्त बसून राहतात. आणि थोडे पैसे खरोखर त्यांच्या निर्णयाने खर्च होऊ द्या, अगदी पाचशे रुपये. दोन बादल्या घ्यायच्या की एक चांगला काटा, यावर वाद होईल. होऊ द्या. पैशांसाठी मुख्याध्यापकांना विचारा: समग्र शिक्षा योजनेत इको क्लबसाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५००० रुपयांची तरतूद आहे.

खत हवंच असेल तर कॅरेटमध्ये, दिवाळीनंतर

फळवाल्यांकडे मिळणारे जाळीदार प्लास्टिकचे कॅरेट घ्या, साधारण ६० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचे. तीन पुरेत. तीस सेंटिमीटर खोली म्हणजे मुलाच्या कोपरापर्यंत. दोन मुलं समोरासमोर बसून खुरपीने सगळा माल खालीवर करू शकतात. चारी बाजूंनी हवा लागते, ड्रमची मुख्य अडचण संपते.

आतून जुनी हिरवी शेडनेट लावा, नाहीतर बारीक माल जाळीतून गळतो. कॅरेट दोन विटांवर ठेवा. जागा छपराखालची, वर्गाच्या खिडकीपासून आणि सोसायटीच्या भिंतीपासून लांब. तळाला पाच सेंटिमीटर नारळाच्या शेंड्या किंवा जाड सुकी पानं. त्यावर दर वेळी एक मग ओलं, दोन मग सुकं आणि मूठभर जुनं खत, विरजण म्हणून. वरून नेहमी सुक्याचा थर, इतका की ओलं दिसताच कामा नये. शेवटी गोणपाट.

ओलं म्हणजे डब्यातल्या फळांच्या साली, भाजीची देठं, पूरक आहारात केळं असेल त्या दिवशी केळ्याच्या साली. शिजवलेलं अन्न, पोळी, दूध-दही, अंडं अजिबात नको. घरून ओला कचरा आणायला सांगू नका. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत चार तास राहिलेल्या साली शाळेत येईपर्यंतच सडू लागतात. गणपतीचं निर्माल्य द्यायला लोक येतील, त्यात दोरे, जरी, चमकी आणि रंग असतात. ते महापालिकेच्या निर्माल्य कलशात जाऊ दे.

सोमवारी आणि गुरुवारी माल खालीवर करायचा. तेव्हा ओलाव्याची परीक्षा: हातमोजा घालून मूठभर माल घ्या आणि घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर सुकं वाढवा आणि पुन्हा उलथापालथ करा. मूठ उघडताच माल भुगा होऊन पडला तर पाणी शिंपडा. मुंग्या झाल्या तरी माल कोरडा पडला असं समजा. नाकात झोंबणारा वास म्हणजे ओलं जास्त, सुकं कमी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. वर पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, पानं कुजताना ती येतेच. या खुणांचा तक्ता मुलांनी स्वतःच्या शब्दांत करून कॅरेटच्या वर टांगावा. बाईंना विचारायला येण्याआधी ती तक्ता पाहतील.

एक कॅरेट भरला की त्यात नवीन काही घालायचं नाही, दुसरा सुरू करायचा. भरल्यापासून दीड ते दोन महिन्यांत खत होतं आणि मूळ मालाच्या पाव-पंचमांश उरतं. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर ‘एवढंच?’ अशी निराशा होते. तयार खताला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. खात्रीसाठी मेथी: एका कुंडीत माती, दुसरीत माती आणि खत निम्मंनिम्मं, दोन्हींत दहा-दहा दाणे. चार-पाच दिवसांत दोन्हींकडे सारखे कोंब आले तर खत तयार. खताच्या कुंडीत निम्मेच आले तर ते अजून कच्चं आहे, तीन आठवडे ठेवून द्या.

पुढच्या पावसाळ्याची तयारी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. आवारातली सुकी पानं गोणपाटाच्या पोत्यांत भरून कोरड्या जागी फळीवर ठेवायची, आठ-दहा पोती. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तशीच चालतात. देशी बदामाची मोठी पानं मात्र एकावर एक चिकटून हवा अडवतात, ती चुरावी लागतात. पोत्यात भरून पोतं बांधा आणि मुलांना त्यावर नाचू द्या. पानांचा ढीग उचलण्याआधी मोठ्यांनी काठीने हलवून घ्यावा. खाली विंचू-गोम असू शकते. आणि पानं जाळणं कुठे दिसलं तर समितीला पुढच्या बैठकीचा विषय मिळाला.

त्या आईंचं म्हणणं

त्यांचा राग नीट ऐकून घ्या. कचऱ्याचं काम आपल्या समाजात कुणाच्या वाट्याला घातलं गेलं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्या मुलाला पुन्हा त्याच कामाला जुंपतात की काय ही शंका एखाद्या आईला येणं अगदी रास्त आहे. तिला ‘गैरसमज झाला’ म्हणून बोळवू नका. लेखी सांगता येतील असे नियम करा. मूल मिसळलेल्या कचऱ्याला हात लावणार नाही. सफाई शिक्षा म्हणून कधीच दिली जाणार नाही. पाळी सगळ्यांची येईल, आडनाव आणि मुलगा-मुलगी न बघता. मुलींकडे झाडू आणि मुलांकडे खुरपी अशी वाटणी नकळत होते; पाळीचा तक्ता पाहूनच ती लक्षात येते, म्हणून तो भिंतीवर असू द्या. शाळेच्या सफाई कामगारांना समितीत सल्लागार म्हणून बोलवा. शाळेत कचरा कुठून किती येतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आरोग्याची काळजी: मुलांच्या मापाचे हातमोजे, काम झाल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणं, हाताला जखम असेल त्या दिवशी फक्त वही. दमा असलेल्या मुलांनी खत खालीवर करू नये, त्यात बुरशीचे कण उडतात. त्यांच्याकडे काटा आणि नोंदी द्या. हे सगळं एका पानावर लिहून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिथे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालकच असतात. तिथे मुलांपैकी दोघांनी दहा दिवसांचे आकडे वाचून दाखवले तर बरेच प्रश्न तिथेच सुटतील.

शंभर रोपं

घेऊ नका. या बाबतीत आमचं मत ठाम आहे. हिशोब मुलांपुढे मांडा. एका झाडाला ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा लागतो. असे शंभर म्हणजे एकवीस घनमीटरहून जास्त खोदकाम, तेही नेरूळच्या भरावाच्या मुरमात. एका रोपाला मे महिन्यात दिवसाआड दहा लिटर पाणी धरलं तर शंभर रोपांना एका वेळी हजार लिटर. १ मे ते १५ जून या काळात तेवीस वेळा, म्हणजे २३,००० लिटर. शाळा बंद, मुलं गावी. कोण घालणार?

सहा रोपं मागा. त्यांना एका वेळी साठ लिटर, पंधरा लिटरच्या चार बादल्या. पहारेकरी काकांना विचारून हे जमण्यासारखं आहे. खाडीजवळच्या जमिनीत करंज आणि भेंड तग धरतात. बहावा भराव चांगला खणून माती आणि खत दोनास एक भरलं तर येतो. भिंतीपासून तीन मीटर आणि एकमेकांपासून चार-पाच मीटर अंतर, खाली पाण्याची किंवा मलवाहिनी नाही हे मुख्याध्यापकांकडून तपासून. कुंड्यांत कढीपत्ता आणि लिंबू लावले तर त्यांच्यावर फुलपाखरं अंडी घालतात. पानं कुरतडलेली दिसली की औषध फवारायचं नाही, सुरवंट वाढू द्यायचे. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी ओतून घासायच्या. डेंगीच्या डासाची अंड्यापासून वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते.

मंडळाला उत्तर समितीने लिहावं, चार ओळींत: आम्हाला सहा रोपं हवीत, कोणती, त्यांना सहा लोखंडी कठडे आणि पंधरा मीटर पाण्याची नळी द्याल का, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार ते आम्ही असं ठरवलं आहे. खाली मुलांच्या सह्या, सोबत मुख्याध्यापकांचं पत्र. असं पत्र पुढे महापालिकेच्या विभाग कार्यालयाला लिहायची वेळ आली तर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, त्याशिवाय पाठपुरावा होत नाही.

गळक्या नळांचंही एक छोटं काम समितीला पावसाळ्यात देता येईल. नळाखाली मापाचा पेला दहा मिनिटं ठेवायचा आणि जमलेलं पाणी १४४ ने गुणायचं. ५० मिलिलिटर जमलं तर दिवसाला सात लिटरहून जास्त. हे पाणी खालापूरजवळच्या मोरबे धरणातून इथवर येतं, हे नकाशावर दाखवा. वायसर बदलणं प्लंबरचं काम, पण कोणता नळ आधी हा क्रम मुलांचा.

एका वर्षात एवढं सगळं करायचं नाही. ऑगस्ट-सप्टेंबर मोजणी, सहामाहीपर्यंत वाढण्यातला बदल, दिवाळीनंतर कॅरेट, फेब्रुवारीपासून पानं. ३१ मार्चनंतर कॅरेटमध्ये नवीन काही घालू नका. सुट्टीत ते निवांत पिकतील आणि जूनमध्ये सहा रोपांना खत मिळेल. एप्रिलच्या शेवटच्या दोन बैठका फक्त हस्तांतराच्या ठेवा. पाचवीची मुलं शाळा सोडून जाणार. त्यांनी खालच्या वर्गातल्या मुलांकडून काटा शून्यावर आणून घ्यावा, ओलाव्याची मूठ दाबून घ्यावी, वहीतले रकाने भरून घ्यावेत, आणि स्वतः हात मागे ठेवावेत. वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: पोती कुठे आहेत, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, मे महिन्यात पाणी कोण घालतंय.